‘नाय म्हाराजा’ म्हणणाऱ्या पोराकडून

प्रिय बाबा,

आणि मला उद्धट पहिल्यांदा कोण म्हणालं? तुम्हीच ना! मग अख्खी चाळ म्हणायला लागली. आई म्हणायची वांड. वरच्या माळ्यावरच्या काकी म्हणायच्या आगाऊ. शाळेतल्या बाईंनी तर वहीत लाल पेनाने लिहूनच दिलं, ‘मुलगा उर्मट आहे, पालकांनी भेटावे.’ एका पोराला एवढे शब्द कशाला लागतात हो? एखादा पुरला नसता?

हे भांडण आपलं अर्धं राहिलंय. तुम्ही मधूनच निघून गेलात, त्याला आता दीड वर्ष झालं. मी काही पत्रं लिहिणारा माणूस नाही, आठवीनंतर पेन धरला तो कंपनीच्या हजेरीवर सही करायला. पण काल इथे मस्कतला आईचा फोन आला.

“सुशा, चाळीची पूजा इली जवळ. कमिटीवाले इचारत होते, यंदा गाऱ्हाणा कोण घालतलो? मी सांगून टाकलंय, ह्यांचो झील घालतलो.”

मी, बाबा! सगळ्या चाळीसाठी देवाला गाऱ्हाणं! आधी मला हसूच आलं. मग फोन हातात तसाच राहिला.

तुम्हाला आठवतं ना? मी सहावीत होतो. खालच्या चौकात सत्यनारायण मांडलेला, सगळी चाळ जमलेली, आणि तुम्ही पांढरा शर्ट घालून नारळ दोन्ही हातांत धरून उभे. नारळ तुम्ही कधी कमिटीच्या पैशातून घेतला नाहीत. “गाऱ्हाणा माझा, तर नारळ पण माझोच,” म्हणायचात. एरवी तुमचा आवाज खोलीतल्या खोलीत पण ऐकू यायचा नाही. त्या दिवशी मात्र तिसऱ्या माळ्यापर्यंत जायचा.

“बा देवा म्हाराजा! ह्या चाळीतल्या पोराबाळांका सुखी ठेव रे म्हाराजा!”

“होय म्हाराजा!” सगळे.

“कोणाची नोकरी गेली आसात, त्येका नोकरी दी रे म्हाराजा!”

“होय म्हाराजा!”

“आणि ह्या माझ्या उद्धट झिलाक सुबुद्धी दी रे म्हाराजा!”

सगळ्यांनी तोंड उघडायच्या आधी मी ओरडलो, “नाय म्हाराजा!”

काय हसले लोक! काकी तर पोट धरून बसल्या. मला वाटलं, जिंकलो. तुमच्या हातातला नारळ थोडा हलला, तेवढा मी बघितला. तुम्ही मारलं नाहीत, वळून पण बघितलं नाहीत. तसंच पुढे म्हणालात, “बरा. तर जसो आसा तसो, ह्येका तुझ्या पदरात घी रे म्हाराजा!” आणि सगळे म्हणाले, होय म्हाराजा.

त्या रात्री तुम्ही जेवला नव्हता. हे मला आईने किती वर्षांनी सांगितलं. तुम्ही का नाही सांगितलंत?

आणि दुसरी गोष्ट. ही लिहिताना हात पुढे जात नाहीये, तरी लिहितो. करी रोडच्या त्या टॉवरच्या गेटवर मी तुम्हाला डबा द्यायला आलो होतो. माझ्याच वयाचा एक पोरगा गाडीतून काच खाली करून तुम्हाला झापत होता, गेट उघडायला उशीर झाला म्हणून. तुम्ही आपले “सॉरी साहेब, सॉरी साहेब.” ज्या जागेवर आजोबांनी गिरणीत साचे चालवले, तिथे तुम्ही सलाम ठोकत होतात! माझं डोकंच सटकलं. पण भडकलो कोणावर? गाडीवाल्यावर नाही. त्याला मी एक शब्द बोललो नाही. तुम्ही घरी आल्यावर तुमच्यावर भडकलो. चाळीच्या गॅलरीत, सगळ्यांसमोर.

“सगळ्यांना होय साहेब म्हणणारा तू! तू मला काय शिकवणार?”

तू म्हणालो. बापाला. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा. तुम्ही चप्पल काढत होतात. एक पायात, एक हातात. “आवाज कमी कर, लोका ऐकतत,” एवढंच बोललात आणि आत गेलात.

महिन्याभरात मी एजंटला गाठून इकडे आलो. वाटलं, आता कोणाच्या बापाचं ऐकायचं नाही.

बाबा, इथे मला काय म्हणतात ठाऊक आहे? “सुशांत? एकदम सीधा आदमी.” एसीचे डक्ट लावायचं काम आहे आमचं. भर उन्हात पत्र्यावर चढ म्हटलं, चढलो. सुट्टीच्या दिवशी ये म्हटलं, आलो. फोरमन शिव्या देतो तेव्हा मी खाली बघतो आणि म्हणतो, सॉरी सर. तुमच्याच आवाजात म्हणतो हो! एकदा माझं मलाच ऐकू आलं आणि हातातला पाना पडला.

आता खरं भांडण. तुम्ही परळच्या हॉस्पिटलात होतात तेव्हा फोनवर मला काय म्हणालात? “माका काय्येक झाला नाय. तू येव नको. काम सोडू नको.” आणि मी ऐकलं. सत्तावीस वर्षांत तुमचं एक धड ऐकलं नाही, ते नेमकं हेच ऐकलं! तुम्ही तरी असं का म्हणालात? एक शिवी घालून “ये रे मेल्या” म्हणाला असतात तर?

नाही. तुमच्यावर ढकलून चालणार नाही.

आईला मी सांगितलं, कंपनीने सोडलं नाही. चाळीत सगळ्यांना तेच माहीत आहे. काकी फोनवर रडून म्हणाल्या, “परक्याची नोकरी बाबा, तू तरी काय करतलंस?” मी त्यांना तसंच समजू दिलं. खरं हे आहे की मी रजा मागितलीच नाही. ऑफिसच्या दारापर्यंत गेलो होतो. फोरमन आत कोणावर तरी ओरडत होता. मी हेल्मेट काढून हातात धरलं, थोडा वेळ उभा राहिलो, आणि परत साइटवर गेलो. तुमचा उद्धट, उर्मट, वांड मुलगा एका दारासमोर घाबरला. दोन दिवसांनी तुम्ही गेलात. अग्नी चुलतभावाने दिला.

गाडीवाल्या पोरासमोर तुम्ही मान खाली घातलीत ती आमच्या पोटासाठी. मी कशासाठी घातली?

आज शुक्रवार, सुट्टी. सकाळी फोरमनच्या खोलीवर गेलो. पूजेसाठी घरी जायचंय म्हटलं. “पूजा? अभी नहीं, मुश्किल है.” मी म्हणालो, “मुश्किल है तो भी जाऊंगा.” “वापस आने का नहीं फिर,” म्हणाला. म्हटलं, ठीक है. माघारी फिरताना कितीतरी वर्षांनी मी मला ओळखीचा वाटलो.

तर मी येतोय, बाबा. नारळ हातात घ्यायच्या आधी आईला दाराचं सगळं सांगणार. ती म्हणाली, तुझा हात लावू नको नारळाला, तर मागे उभा राहीन आणि दुसरा कोणी घालेल त्या गाऱ्हाण्याला सगळ्यांत मोठ्याने होय म्हाराजा म्हणेन. आणि घाल म्हणाली तर घालीन, मला येईल तसं. मधेच कोणाचं कारटं नाय म्हाराजा ओरडलं, तर त्याला पण पदरात घ्यायला सांगेन. हा शब्द मोडणार नाही.

तुमचा,
सुशा

ता. क. आईला दर महिन्याला पंधरा हजार पाठवतो. या वेळी पंधरा हजार साठ पाठवतोय. कमिटीकडून काही घ्यायचं नाही असं तिला सांगितलंय. नारळाचे साठ रुपये.