तीन पोच्यांची जबाबदारी

(स्थळप्रत)

प्रति,
मा. नुकसान निर्धारण अधिकारी,
भाड्याच्या मोटारी विभाग,
स्टेशनसमोरील कार्यालय, पहिला मजला.

विषय : पांढऱ्या मोटारीवरील तीन पोच्यांपैकी दोन पोचे अर्जदाराच्या नावावर लावून मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपले पत्र, दि. ३ फेब्रुवारी (उत्तर दिलेले नाही).
२) आपले पत्र, दि. ९ मार्च (आभाराचे).

महोदय,

आपले दि. ३ फेब्रुवारीचे पत्र अर्जदारास दुसऱ्याच दिवशी मिळाले. ते त्याने तीनदा वाचले, बारीक घडी घालून चष्म्याच्या घरात ठेवले आणि त्याचे उत्तर दिले नाही. पत्रात एकच प्रश्न होता : जानेवारीत दोन दिवसांसाठी नेलेली मोटार परत आली तेव्हा तिच्यावर तीन पोचे आढळले, ते आपणाकडून पडले काय? खाली दोन चौकोन होते, 'होय' आणि 'नाही'. तीनही पोच्यांना मिळून एकच उत्तर द्यायचे होते, आणि अर्जदाराला ते जमेना. त्याने सात कच्चे मसुदे केले. सातवा पहिल्याहून वाईट झाला.

अर्जदार निवृत्त ग्रंथपाल आहे. चौतीस वर्षे तो वाचनालयाच्या देवघेवीच्या टेबलावर बसला. तिथला नियम असा, की सभासदाने पत्राला उत्तर दिले नाही तर पुस्तक त्यानेच हरवले असे धरायचे. त्यामुळे गप्प राहिले म्हणजे कबुली दिल्यासारखेच झाले, अशी अर्जदाराची प्रामाणिक समजूत होती. मूक का होईना, आपण गुन्हा कबूल केला आहे, अशा समाधानात त्याने पाच आठवडे काढले.

दि. ९ मार्चचे आपले दुसरे पत्र दुसऱ्या दिवशी सकाळी आले. त्यात दुरुस्तीचे बिल असेल या अपेक्षेने अर्जदाराने ते उभ्यानेच फोडले आणि मग त्याला बसावे लागले. आपण कळवले होते, की ज्येष्ठ ग्राहकाने आरोप मान्य न केल्याने त्यास मुक्त करण्यात येत असून तिन्ही पोचे मोटार ताब्यात देणाऱ्या यार्डातील कर्मचाऱ्याच्या नोंदीत चढवले आहेत. त्यास किल्ल्या देण्याच्या कामावरून काढून धुलाईत पाठवले आहे. आणि त्यास नोकरीवर ठेवावे की नाही, याचा निर्णय दि. १८ मार्च रोजी होईल. शेवटी अर्जदाराचे आभार मानले होते.

ते आभार अर्जदार या अर्जाद्वारे परत करीत आहे.

सदर कर्मचाऱ्याचे खरे नाव अर्जदारास ठाऊक नाही, याची त्याला लाज वाटते. यार्डात त्यांना सगळे 'चकाचक' म्हणतात, कारण गाडीवरून शेवटचा फडका फिरवला की ते तोच शब्द उच्चारतात. वय पन्नाशीपुढचे, गुडघा दुखरा. आता पोच्यांविषयी क्रमाने.

पोचा पहिला, डावे मागचे दार, लिंबाएवढा. हा आधीचाच आहे. मोटार देताना चकाचक यांनी स्वतः दुखऱ्या गुडघ्यावर बसून तो दाखवला आणि म्हणाले, "साहेब, हा बघून ठेवा. फॉर्मवरच्या गाडीच्या चित्रावर फुली मारा, नाहीतर उद्या तुमच्या गळ्यात पडेल." अर्जदाराने फुली मारली. पण ती पेन्सिलीने मारली. पुस्तकाजवळ शाई न्यायची नाही, फाटलेल्या पानाची नोंद मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने करायची, हे त्याच्या बोटांत मुरलेले आहे. आपला फॉर्म मात्र तीन प्रतींचा, मध्ये कार्बन. चकाचक म्हणाले, "जरा दाबून, साहेब." अर्जदाराने मान डोलावली आणि दाबले नाही. त्यामुळे फुली वरच्या प्रतीवरच उमटली, आणि वरची प्रत ग्राहकाची. आपल्याकडची प्रत कोरी आहे. ज्या माणसाने पोचा दाखवला, त्याच्याच माथी तो आला आहे.

पोचा दुसरा, डिकीचे झाकण. येथे अर्जदाराचा मेहुणा विसाव्यासाठी थांबला होता. मेहुणा भारदस्त असून त्याला उभ्याने गप्पा मारणे मानवत नाही. त्याचे म्हणणे असे : "भाऊजी, मी टेकलो होतो. बसलो नव्हतो." अर्जदाराच्या पत्नीचे म्हणणे असे : "तू टेकलास तेव्हा पुढची चाकं उचलली गेली." पोच्याचा आकार आणि मेहुण्याचा आकार ताडून पाहिल्यास निकाल लागू शकेल; परंतु मेहुण्याचे माप घेणे नात्यात बसत नाही. शिवाय मोटार अर्जदाराच्या सहीने नेलेली होती. सबब हा पोचा अर्जदाराचा.

पोचा तिसरा, उजव्या पुढच्या चाकावरचा पत्रा, ओरखड्यासह. हा पोचा निःसंशय अर्जदाराचा असून त्याला साक्षीदार आहेत. अर्जदाराच्या थोरल्या बहिणीच्या घराचे फाटक अरुंद आहे. पत्नी खाली उतरून वाट दाखवू लागली. ती म्हणाली, "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या," आणि मग त्याच सुरात, "लागली." थोरली बहीण गच्चीवरून ओरडली, "अरे, खांब आहे तो! तीस वर्षं तिथेच आहे!" घरी परतताना पत्नीने खुलासा केला, की "मी येऊ द्या म्हटलं, चढवा नाही म्हटलं." तो खुलासा अर्जदारास मान्य आहे.

येथवरचे सर्व आपल्या कार्यालयात येऊन तोंडी सांगणे सोपे होते, असे आपण म्हणाल. अर्जदार दि. १० मार्चला आला होता. काउंटरसमोरून तो तीनदा गेला. चौथ्या वेळी काउंटरवरच्या बाईंनी हसून विचारले, "आजोबा, छोटी हवी की मोठी?" अर्जदाराला 'मी कबुली द्यायला आलोय' असे म्हणायचे होते. तो 'छोटी' म्हणाला. दहा मिनिटांत त्याच्या हातात किल्ली आली.

अशा रीतीने, कुठेही जायचे नसताना, अर्जदाराने एक दिवसासाठी मोटार नेली. या वेळी त्याने खिशात शाईचे पेन ठेवले होते. यार्डातल्या नव्या माणसासमोर त्याने चित्रावर अकरा फुल्या मारल्या, त्याही टेबल हलेपर्यंत दाबून. नवा माणूस शेवटी म्हणाला, "आजोबा, ही दिव्याच्या खांबाची सावली आहे. गाडी पुढे घेतली की जाईल." तेवढ्यात धुलाईच्या शेडमधून चकाचक यांनी अर्जदाराला ओळखले. हातात पाण्याची नळी, पँट गुडघ्यापर्यंत ओली. त्यांनी दुसरा हात वर केला आणि विचारले, "काय साहेब, बहिणीकडे का परत? सगळी बरी ना?" त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरे झाले असते. अर्जदार "हो, बरी आहेत" इतकेच म्हणू शकला आणि तडक घरी आला. ती मोटार दिवसभर दारात उभी राहिली. पत्नीने स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती पाहिली आणि विचारले, "माफी मागायला गेला होतात ना? मग ही काय, माफी?"

तेव्हा प्रत्यक्ष येण्याने मोटारी वाढतात, पोचे मिटत नाहीत, असा अनुभव आल्याने हा अर्ज लेखी करण्यात येत आहे. अर्जदाराची विनंती अशी :

(१) दुसरा व तिसरा पोचा अर्जदाराच्या नावावर लावावा व दुरुस्तीचा खर्च त्याच्याकडून घ्यावा. वयाची सवलत नको. पोचा पाडताना वय आड आले नव्हते.

(२) पहिला पोचा जुना धरावा. सोबतच्या प्रतीवरील फुली साध्या नजरेला दिसत नाही. कागद खिडकीशी तिरपा धरल्यास दिसते. आपणास न दिसल्यास अर्जदार येऊन कागद धरण्यास तयार आहे. त्या दिवशी त्याला मोटार देऊ नये, अशी काउंटरवर कृपया सूचना द्यावी.

(३) चकाचक यांस दि. १८ पूर्वी किल्ल्यांच्या कामावर परत घ्यावे. त्यांनी आपले काम चोख केले. दाबून लिहायला सांगितलेसुद्धा. न ऐकणारा अर्जदार होता.

(४) आपल्या फॉर्मवर 'होय' आणि 'नाही' यांच्याखाली दोन ओळी मोकळ्या सोडता आल्या तर पाहावे. ही विनंती नामंजूर झाली तरी चालेल. तिसरी होऊ नये.

या अर्जात आपली बाजू बरी दिसावी म्हणून काही लिहिले गेले असेल, अशी शंका अर्जदाराला तो पुन्हा वाचताना दोन ठिकाणी आली. ती दोन्ही वाक्ये काढून टाकली आहेत.

उत्तरास एक महिना दहा दिवस उशीर केलेला,
आपला नम्र,
(सही)
अर्जदार, निवृत्त ग्रंथपाल
दि. १४ मार्च

सोबत :
१) फॉर्मची ग्राहकाची प्रत, पेन्सिलीच्या फुलीसह.
२) मेहुण्याचे निवेदन, एक पान. ('टेकलो' हा शब्द त्याने स्वतः अधोरेखित केला आहे.)
३) पत्नीचे निवेदन, चार पाने.

स्थळप्रतीवरील नोंद : मूळ अर्ज आज दुपारी पावणेचार वाजता रजिस्टर टपालाने रवाना. उद्या पोहोचेल असे खिडकीवरच्या बाईंनी सांगितले. पाकीट जाड असल्याने त्यांनी ते दाबून पाहिले व आत काय आहे, असे विचारले. मागे रांगेत सहा माणसे होती. अर्जदाराने सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले, "माझी चूक आहे." बाईंनी पाकीट वजनाला ठेवले, शिक्का मारला आणि मागच्या पोत्यात टाकले.