प्तुय, पिरान आणि एक द्विवचन

ल्युब्ल्याना, ११ एप्रिल

प्रिय तिन्कारा,

पत्र हाताने लिहिलेलं पाहून घाबरू नकोस. गुडघा सोडला तर मी ठणठणीत आहे. संस्कृतला यंदा चार विद्यार्थी आहेत. त्यातला एक जण वर्ग चुकून आत आला होता, आता भिडेखातर टिकून आहे. काल त्यांना 'आवाम्' शिकवलं. आपण दोघं. बहुतेक भाषांनी टाकून दिलेलं हे द्विवचन आपल्या स्लोव्हेनियनने अजून जपलंय, हे वाक्य मी तीस वर्षं त्याच जागी थांबून, त्याच अभिमानाने म्हणत आलोय. काल ते अर्ध्यावरच थांबलं. मुलांना वाटलं, सरांना पाणी हवंय.

एक मेची सुट्टी जवळ आली की आपल्या घरात कसा तंटा पेटायचा! मला प्तुय हवं असायचं: किल्ला, द्रावा नदी, रोमन दगड आणि दुपारची झोप. तुझ्या आईला पिरान: समुद्र, अरुंद गल्ल्या आणि काट्यांसकट मासे. 'तुझ्या प्तुयमध्ये दगडांखेरीज कुणी राहतं का,' असं ती मला विचारायची. न्यायाधीश तू, आणि ज्याच्या हातचे पॅनकेक शेवटी खाल्लेस त्याच्या बाजूने तुझा निकाल. इतकी उघड लाचखोर न्यायसंस्था मी पुढे कुठे पाहिली नाही. अकरा वर्षांत प्तुय दोनदा, तेही आईला पडसं होतं म्हणून.

आई गेली आणि तिघांचे आपण दोघं झालो. लोक अशा वेळी चर्चमध्ये जातात, मी व्याकरणात गेलो. 'ग्रेमो', आपण सगळे जाऊ, हे घरातून गेलं आणि 'ग्रेवा' आलं, आपण दोघं जाऊ. तू जॅकेट चढवत दारातून 'ग्रेवा' म्हणायचीस ना, त्या एका शब्दावर मी दोन वर्षं काढली. तुला कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

मग एका रविवारी, आम्ही आता एकत्र राहतो म्हणत, तू वाल्तेरला जेवायला आणलंस. पिरानच्या वरच्या गावातला, मिठागरात काम करणारा, सूप दोनदा मागून घेणारा. किनाऱ्याकडच्या त्याच्या बोलीतून द्विवचन केव्हाच झडून गेलंय. माणसं दोन असली तरी 'ग्रेमो'च. तुमच्या दोघांबद्दल तो तसं बोलला आणि मी त्याला दुरुस्त केलं. तीनदा. तिसऱ्यांदा तो हसून म्हणाला की सर, आमच्याकडे दोघं म्हणजे आधीच गर्दी. तूही हसलीस. मी सूपमध्ये मीठ कमी असल्याची तक्रार केली, तीही मिठात आयुष्य काढलेल्या माणसासमोर.

त्यानंतरच्या एप्रिलमध्ये, म्हणजे आता दोन वर्षं झाली, तुझा फोन आला. यंदा कुठे, प्तुय की पिरान? आणि पुढे म्हणालीस, 'ग्रेमो.' विचार करून कळवतो म्हणालो आणि कार्ड पाठवलं: 'पिरान. ग्रेवा.' शहर उदारपणे देऊन टाकलं आणि माणूस वगळला. तुझा पुन्हा फोन आला तेव्हा मी सारवासारव केली: मला वाटलं वाल्तेरची बोली तुला लागली, तू आपल्या दोघांबद्दलच बोलतेयस, गफलत झाली.

"बाबा," तू म्हणालीस, "तू द्विवचनात चुकत नाहीस."

आणि फोन ठेवलास.

त्या मेमध्ये मी एकटाच प्तुयला गेलो. विरोधाला कुणी नव्हतं, त्यामुळे जिंकल्यासारखंही वाटलं नाही. किल्ला चढलो, उतरलो, तिसऱ्या दिवशी परत आलो. गेल्या वर्षी कुठेच नाही. नाताळला तुझं कार्ड येतं, वाढदिवसाला येतं. दोन ओळी, शुद्धलेखन निर्दोष. एखादी चूक सापडली असती तर बरं वाटलं असतं.

मंगळवारी वाल्तेरने फोन केला होता. तुला सांगू नका म्हणाला, म्हणून लगेच सांगतोय. एप्रिल लागला की तू नकाशा काढतेस, त्याला विचारतेस, प्तुय की पिरान, आणि त्याने तोंड उघडायच्या आत नकाशाची घडी घालून ठेवतेस, असं त्याने सांगितलं. "सर, मी तिला दोन वर्षं सांगतोय, म्हाताऱ्याची जीभ घसरली असेल, माझी तर रोज घसरते. तुम्ही एकदा बोला ना तिच्याशी." माझ्या लबाडीची वकिली तो दोन वर्षं मनापासून करतोय, आणि ते ऐकून मी त्याला फक्त 'बरं' म्हणालो. म्हणून हे पत्र. गफलत झाली नव्हती, तिन्का. तुझं 'ग्रेमो' ऐकलं तेव्हाच त्यात तो आहे हे मला कळलं होतं. ते दोन शब्दांचं कार्ड लिहायला मी अख्खी दुपार घेतली. आईनंतर माझ्याकडे ते एकच रूप उरलं होतं आणि त्यात तिसरा मावत नाही. आता तुम्ही प्तुयला जा, पिरानला जा. मला बोलावशील असं मी धरून चाललेलो नाही. पण हे पत्र वाल्तेरला वाचून दाखव. त्याने आता माझी बाजू मांडणं थांबवावं.

तुझाच, दोन वर्षं उशिरा खरं बोलणारा,
बाबा