संजूला द्यायच्या पेशी

मंगळवार, संध्याकाळ. सावेडी.

घसा दुखतोय. तीनदा ताप बघितला, नाहीये. पण उद्या आला तर?

धाकट्या भावाला, संजूला, रक्ताचा कॅन्सर. पुण्याच्या हॉस्पिटलात औषधं देऊन त्याची स्वतःची अस्थिमज्जा संपवत आणलीय. परवा माझ्या मूळपेशी त्याला द्यायच्या. मीच आजारी पडले तर? डॉक्टरांना घसा दुखतोय हे सांगू की लपवू? तासभर फोन हातात धरून बसले.

शेवटी लावला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. सकाळीच या, तपासू."

मग संजूचाच फोन. "ताई, घाबरलीस व्हय?"

"न्हाई रे."

"मी लई घाबरलोय," तो म्हणाला.

फोन दोघांनीही ठेवला नाही.