सोळा टायर आणि कलम आठ

११ जानेवारी १९७१

टायर! राज्यशास्त्र घेऊन बी. ए. झाले ते यासाठी!

साखर कारखान्यातल्या नोकरीचा आज पहिला दिवस. चेअरमन आप्पासाहेबांनी बोलावून टेबलावर एक पत्र्याची पेटी ठेवली. साखरधंद्याचा अभ्यास करायला परदेशी गेले होते, तिथून स्वतःसाठी शर्यतीची मोटार आणली आहे. हातभर लांब. लांब उभे राहून हातातल्या रेडिओच्या डबीने चालवायची. पेटीत तिचे जादा टायर – सोळा. एकेक पेल्याच्या तोंडाएवढा. ते कसे जपायचे याचा कागद इंग्रजीत.

म्हणाले, “इंजिनियरला दिला तर हसतो. पोरी, तू शिकलेली हायस, तू हसू नको.”

नाही हसले. घरी दादा शेजाऱ्यांना सांगत होते की पुष्पाला मोठ्या जबाबदारीचे काम मिळाले.

१३ जानेवारी

भाषांतर झाले. सात कलमे. गार, अंधारी, कोरडी जागा. ऊन नको, तेल नको, वर वजन नको. आठवड्याला बाजू बदलावी, टाल्कम पावडर लावावी.

ऑफिसमागची दगडी खोली तासाभरात रिकामी झाली. चुनाही लावला. ऊस तोडणाऱ्या बायकांच्या साक्षरता वर्गासाठी हीच खोली मी नोव्हेंबरापासून मागते आहे! नोकरी नव्हती तेव्हापासून. तीन अर्ज. तिन्हींवर एकच शेरा – जागा शिल्लक नाही.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ खाल्ला आणि खोटे लिहिले.

भाषांतरात आठवे कलम घातले – ‘प्रत्येकी दोन टायर एकाच व्यक्तीने हाताळावेत व तपासणीची नोंद त्या व्यक्तीने स्वहस्ते पाटीवर लिहावी. आठवड्यातून तीनदा. व्यक्तीस अक्षरओळख नसल्यास ती करून द्यावी.’

कॉलेजात मैत्रिणीची खोटी हजेरी लावली नाही म्हणून तिने वर्षभर अबोला धरला होता. आणि तीच मी आज हे लिहिले! आप्पासाहेबांनी कलम दोनदा वाचायला लावले. मग मान डोलावली. “गोऱ्यांचं काम लई शिस्तीचं.” आणि सही केली.

१९ जानेवारी

कोप्यांवरून, ऊसतोड्यांच्या पाचटाच्या झोपड्यांवरून, आठ जणी आल्या. पहाटेपासून ऊस तोडून, मोळ्या बांधून, हात चिरलेले. पाथर्डीकडच्या दगडाबाई सर्वांत मोठ्या. त्यांनी टायर दाबून पाहिला, वास घेतला. म्हणाल्या, पोराने ज्वारीच्या ताटांची खेळण्यातली बैलगाडी केलीय, तिला हे झ्याक बसतील.

मी सार्वजनिक मालमत्ता या विषयावर अर्धा तास बोलले. सगळ्यांनी ऐकून घेतले. त्यांच्यातल्या भागूबाईंना झोप लागली.

मी खोलीला लावायला कुलूप काढले तर दगडाबाई म्हणाल्या, “बाई, चाकाला कुलूप? आन् तिकडं शनीच्या शिंगणापुरात घरालाबी दार न्हाई.”

दारावर खडूने मोठ्या अक्षरांत नियम लिहिला – ‘लेखी चिठ्ठी व सही दिल्याशिवाय कोणीही वस्तू नेऊ नये. अंगठा चालणार नाही.’ तोच आमचा पहिला धडा.

२ फेब्रुवारी

भागूबाईंनी ‘चाक’ लिहिले. च उलटा. तरी चाकच!

२१ फेब्रुवारी

संपले सगळे.

आज मोटारीचे प्रात्यक्षिक. मंडप, हार, नारळ. आप्पासाहेबांनी डबीचा दांडा डावीकडे ढकलला, मोटार उजवीकडे गेली. मग फक्त उजवीकडेच जात राहिली. चरकाकडे सरकणाऱ्या गव्हाणीत ऊस पडत होता, त्याबरोबर तीही पडली आणि चरकात गेली. गाळप दोन तास बंद. इंजिनियर हसले नाहीत – एवढे हसू आले होते की आत निघून गेले.

मी रडले. लोकांना वाटले मोटारीसाठी. मोटार नाही तर टायर कशाला? टायर नाहीत तर खोली कशाला?

१ मार्च

संचालक मंडळाची बैठक. दाराबाहेर उभी होते. एकाने विचारले, आता त्या टायरांचे काय करायचे? आप्पासाहेब म्हणाले, “गाडी गेली म्हनून चाकं टाकायची का?” एकमताने ठराव – ‘सदर टायर ही संस्थेची मालमत्ता असून पुढील आदेशापर्यंत कलम एक ते आठप्रमाणे जतन करावी.’

सहकारी चळवळीवर माझा इतका विश्वास कधीच नव्हता.

९ एप्रिल

हंगाम संपत आला. उद्या-परवा कोप्या मोडतील. मला दोन दिवस बेलापूरला मावशीकडे जायचे आहे. टायरांची बाजू बदलायची आहे म्हणून किल्ली दगडाबाईंकडे दिली. त्या दारावरचा नियम बोट ठेवून वाचत होत्या, सावकाश. शेवटपर्यंत वाचला. मग विचारले, “म्हंजी चिठ्ठी दिली की चालतं?”

मी म्हटले, हो. नियम म्हणजे नियम.

१२ एप्रिल

कोप्या मोडल्या. गाड्या गेल्या. किल्ली कुलपालाच लावलेली.

पेटीत टायर एकही नाही. आठ चिठ्ठ्या. सर्वांत वरची – ‘दोन चाकं नेली. पोराच्या गाडीला. पावडर लावीन. दगडाबाई.’

आठही पुन्हा पुन्हा पाहिल्या. अंगठा एकावरही नाही.