आईच्या फ्रीजची वायर

ती. मामांच्या चरणी,

साष्टांग नमस्कार. (या खेपेला तो अगदी शब्दशः आहे. मी व्हॅनच्या फळ्यांवर पालथा पडून लिहितोय. तोंड फ्रीजकडे, पाय दाराबाहेर. वेळ आलीच तर घरच्यांना पाय धरून ओढता येईल.) तुमचे गुडघे कसे आहेत? मामींचा खोकला गेला का? इकडे आईची तब्येत ठीक आहे. माझी मात्र पार गेली.

तुम्हाला गाडी लागते म्हणून तुम्ही इकडे येत नाही आणि इंजेक्शनाचं औषध थंड ठेवावं लागतं म्हणून आई तिकडे येत नाही. वर्षानुवर्षं दोघं नुसते फोनवर एकमेकांच्या पथ्यपाण्याला नावं ठेवत बसलात. म्हणून मी ही जुनी मालवाहू व्हॅन घेतली. आत पलंग ठोकला, ओटा केला (तो कलता आहे, पण व्हॅन चढावर उभी केली की सरळ होतो), बॅटरीवर चालणारा छोटा फ्रीज आणला. राहिली वायर. ती मीच जोडतो म्हणालो. जन्मभर विजेची कामं केलेल्या मामाचा भाचा मी, थोडं तरी अंगात उतरलं असेल! उतरली ती फक्त विजेची भीती, आणि तीही तुम्हीच लहानपणी घातलेली.

वायर आणायला निघालो तर आईने ट्रंकेतून एक भेंडोळं काढलं. तुम्ही आमच्या दाराची बेल बसवलीत तेव्हा उरलेलं. दादाच्या हातची वायर घरात असताना विकतची कशाला, म्हणाली. आता आईपुढे कुणाचं काय चालतं? जोडली. फ्रीज गुरगुरला, गप्प झाला, परत गुरगुरला, आणि वायर तापून जळका वास सुटला. (बेलची वायर ती. दाराशी कुणी आलंय एवढंच सांगायची तिला सवय. तिच्या गळ्यात अख्खा फ्रीज बांधला.) हातात भांडी घासायचे रबरी मोजे, पायात चपला आणि खाली लाकडी स्टूल, सगळं तुमच्या शिकवणीप्रमाणे. दचकून ताठ झालो तो डोकं छताच्या पत्र्यावर आपटलं आणि मी बोंब ठोकली. बाहेरून तुमच्या सुनेला वाटलं, मी चिकटलो. चिकटलेल्या माणसाला हात लावायचा नाही, कोरड्या लाकडाने हाणायचं, हे तुम्ही तिला आमच्या लग्नात सांगितलं होतंत. (इतर मामा आहेर देतात.) तिने झाडूच्या दांड्याने हाणायला सुरुवात केली. मी चिकटलो नाही, चिकटलो नाही असं ओरडतोय, आणि ती म्हणते, "चिकटलेला माणूस असंच बरळतो!" शेवटी वायरही तिनेच दांड्यात अडकवून उपटली. बारा व्होल्टच्या बॅटरीला माणूस चिकटत नाही, हे मला नंतर वायरच्या दुकानात कळलं. खांदा अजून काळानिळा आहे.

त्या दुकानदाराने बोटाएवढी जाड वायर दिली. फ्यूज नजरेसमोर राहावा म्हणून मी फ्रीजपाशी लावला होता, हे ऐकून त्याने कपाळाला हात लावला. फ्यूज बॅटरीपाशी हवा, नाहीतर मधली वायर कुठे घासून पेटली तर तो बिचारा लांबून बघत बसेल, म्हणाला. मग तेही बदललं. आता फ्रीज चालतोय. गुणगुणला की वाटतं पेटणार, थांबला की वाटतं मेला. हसू नका मामा, मला खरंच भीती वाटते. आई मागे झोपली आहे, आजूबाजूला घर नाही दार नाही, आणि औषध कोमट झालंय, हेच डोळ्यांपुढे येतं. तिला वाटेत काही झालं तर तुम्हाला कुठल्या तोंडाने भेटू?

सर्वांना यथायोग्य नमस्कार आणि आशीर्वाद.

तुमचा भाचा
(हे लिहीपर्यंत शाबूत)

ता. क. मुख्य मुद्दा राहिलाच. तुम्हीच या ना. वाटेत उलट्या होतील तेवढ्या होऊ द्या. एकदा वायरीवरून तुमचा हात फिरला की मी आईला निर्धास्त गाडीत बसवीन.

आणखी ता. क. सून विचारते, मामाच इथे आले तर मग व्हॅन काढायची कशाला? मी सध्या फ्यूज तपासतोय.

शेवटचं ता. क. आईला पत्र वाचून दाखवलं. ती ते माझ्या हातातून ओढून घेतेय. खाली तिला चार ओळी लिहायच्या आहेत म्हणे, आणि पाकीटही तीच चिकटवणार आहे.

दादा, तू मुळीच येऊ नकोस. ओकत येशील आणि आल्या आल्या याच्यावर ओरडशील. औषध थंड पाण्याच्या थर्मासात प्रवासापुरतं टिकतं, डॉक्टरांनी मला केव्हाच सांगितलंय. पण ते मी बोलले असते तर हा "मग काय घाई आहे, बघू" म्हणाला असता. फ्रीज जोडायचा म्हटल्यावर कसा कामाला लागला बघ. थर्मास माझ्या पिशवीत आहे, त्याला सांगू नकोस. भीती मलाही वाटते रे, पण फ्रीजची नाही. फोनवर बोलता बोलताच आपण दोघं संपून जाऊ, याची वाटते. तुझ्या दाराला अजून बेल नाही ना? उरलेली वायर घेऊन येतेय. तू बसव, मी वाजवते.