दोन बाटल्या आणि एक अट

१४ फेब्रुवारी

चि. धाकटी हिस,
अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. तुझ्या वहिनीचा गुडघा बरा आहे.

या पत्रात मला एकच विधान सिद्ध करायचे आहे: तू पाठवलेल्या होमिओपॅथीच्या गोळ्यांनी माझे नाक मोकळे झालेले नाही.

नाक मोकळे झाले आहे, हे मान्य. कपाळातले ओझे नवव्या दिवशी उतरले आणि खालच्या बुकबाइंडरच्या खळीचा वास अकरा वर्षांनी आला. इतका घाणेरडा वास असून मी खिडकी लावली नाही.

आता पुरावा. पोटॅशियमचा तुझा तो नारिंगी क्षार साखरेत घोटून इतका विरळ केलेला असतो, की गोळीत तो शोधूनही सापडू नये. म्हणून मी साध्या साखरगोळ्या आणवल्या. एका बाटलीत तुझ्या, दुसरीत साध्या. कोणत्या कशात हे फक्त तुझ्या वहिनीला ठाऊक. पहिली बाटली तीन आठवडे, मग दुसरी. गुण पहिलीने आला, दुसरीत टिकला. काल मी तिला उत्तर विचारले.

"अहो, तुम्ही आठवडाभर तक्ते आखत बसलात. माझं डोकं जड झालं होतं, वन्संच्या गोळ्या मीच संपवल्या. दोन्हीत साध्याच भरल्या. सांगून तुमचं व्याख्यान कोण ऐकणार?"

"मग तुला गुण आला?"

"छे! गोड होत्या मात्र."

विधान सिद्ध झाले. मला आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही, आणि का झाला नाही हे मला सांगता येत नाही. गोळी नाही, तर मग काय? ऋतू? की गोळ्यांसोबत आलेली तुझी ती एकतीस प्रश्नांची यादी? 'त्रास कधीपासून?' या प्रश्नापुढे मी अकरा वर्षे लिहिले आणि हात थांबला. त्रास सुरू झाला तो तुझा दवाखाना उघडला त्याच आठवड्यात. आधी घडले म्हणून तेच कारण, हा दोष मी चाळीस वर्षे उत्तरपत्रिकांत लाल शाईने दाखवला. तो मी करणार नाही. पण ती यादी मी अजून टेबलावरून उचललेली नाही.

तुझ्या चिठ्ठीतली शेवटची ओळ अशी: 'गुण आला तर कळव, मग मी यायची गरज नाही. गोळ्यांनी नाहीच आला, तर मी स्वतः येऊन तपासेन.' गोळ्यांनी गुण आलेला नाही. अट तुझी आहे; ती तुला पाळावी लागेल. मागची खोली झाडून घेतली आहे.

राहता राहिली एक चूक. दवाखाना उघडला त्या दिवशी तुझ्या पहिल्याच रुग्णासमोर मी म्हणालो होतो, "गोळी खोटी, म्हणून देणारीही खोटी." पहिल्या विधानावर मी आजही ठाम आहे. दुसरे त्यातून निघत नाही. तेव्हाही निघत नव्हते.

ही चूक माझी, हे मान्य करून खाली सही करतो.

तुझा,
दादा