खाचेचा वस्तरा

१९ जुलै
ही वही पुनमनं दिली ती दोन अटींवर. रोज लिहायचं आणि शुद्ध लिहायचं. बायको शाळेत मराठी शिकवते आणि मी जुने वस्तरे दुरुस्त करतो, तेव्हा आमच्या घरात कोणाचा शब्द चालतो ते वेगळं सांगायला नको. तर बाई, आजपासून मले-तुले बंद.

काल पहाटे कोरपन्याहून निघालो. चंद्रपूर, आलापल्ली, एटापल्ली आणि तिथून जीप. शेवटी नाल्यावरचा रपटा, म्हणजे बिनकठड्याचा ठेंगणा पूल, ओलांडला, तेव्हा त्यावर घोट्याएवढं पाणी होतं. नाल्याला लागूनच सुगंधाबाईंचं घर आहे. त्यांचे यजमान बिरजूभाऊ चाळीस वर्षं या भागातले न्हावी होते, मागच्या वर्षी वारले. मुलगी रंजीता गडचिरोलीला पार्लर चालवते. वडिलांचे वस्तरे नीट करून काचेच्या चौकटीत लावायचे असं तिच्या मनात आहे. पण नवऱ्याची पेटी उंबऱ्याबाहेर जाणार नाई, करायचं ते इथीच बसून करा, असं सुगंधाबाईंनी बजावलं. म्हणून मी इथे.

जेवायला भात आणि वास्त्याची भाजी होती, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. मी तीनदा वाढून घेतलं. बाई खूश झाल्या. माझ्या मिशीकडे बघून त्यांनी विचारलं, की बाप हाय ना घरी? आहे म्हटलं, आणि चांगला ठणठणीत आहे. बाबांचा आमच्याकडे कायदाच आहे, बाप जिवंत असेपर्यंत मिशीला वस्तरा लावायचा नाही. पुनम किती कुरकुरते, टोचते म्हणते, पण मी आजवर लावला नाही. स्वतः बाबा मात्र कोणाच्या बापाचं ऐकत नाहीत. डॉक्टरनं दिलेला चष्मा सदऱ्याच्या खिशात ठेवून फिरतात आणि गाईला म्हैस म्हणतात.

२० जुलै
पेटी उघडली. काय माल आहे! सहा वस्तरे, दोन शिंगाच्या मुठीचे, एक पितळी. गंज वरवरचाच आहे. ओसरीवर पोतं अंथरून दिवसभर बसलो.

माझं काम सोपं नाही. चकाचक करून देणारे बाजारात खूप आहेत, मशीनवर धरलं की पातं आरशासारखं होतं आणि वस्तरा मेला. मी गंज काढतो, वय काढत नाही. मुठीवर बिरजूभाऊंच्या अंगठ्यानं पडलेला खळगा आहे, तो तसाच राहिला पाहिजे. पात्यावरचा काळसर डाग राहिला पाहिजे. सुगंधाबाई बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, की तुमचा हात त्यांच्यासारखाच चालते. मला फार बरं वाटलं.

पाऊस आहेच. फोन लागत नाही. टेकडीवर गेलं तर लागतो म्हणे.

२२ जुलै
सुगंधाबाई सकाळीच रोवणीला गेल्या, धान लावायचं चाललंय. पेटीच्या तळाशी लाल फडक्यात गुंडाळलेला सातवा वस्तरा सापडला. मूठ काळ्या शिंगाची. पोलाद असं, की मी आजवर हातात घेतलं नव्हतं. पण पात्याच्या मधोमध एक खाच, चांगली तांदळाच्या दाण्याएवढी.

अर्धा तास विचार केला. खाच म्हणजे वय की इजा? कुठेतरी दगडावर पडला असेल, म्हणजे इजाच, असं ठरवलं आणि धारेचा दगड भिजवला. दुपारपर्यंत घासून घासून सगळी धार खाचेच्या बुडापर्यंत मागे नेली, मग चामड्याच्या पट्ट्यावर फिरवली. मग नेहमीसारखी परीक्षा. डाव्या हाताच्या मनगटावर नुसता टेकवला, केस आपोआप उडाले. अशी धार मी आयुष्यात लावली नव्हती. पुनम, तू असतीस तर तुला दाखवली असती.

२३ जुलै
सुगंधाबाईंनी आज तो वस्तरा पाहिला आणि पात्यावर खाच शोधू लागल्या. खाच कोनं काढली, एवढंच विचारत राहिल्या.

पाणी प्यायल्यावर त्यांनी सांगितलं. हा वस्तरा मयताचा. कोणाचा बाप मेला, की दहाव्या दिवशी पोरांचे केस काढायला बिरजूभाऊ हाच वापरत, दुसऱ्या कामाला नाही. मग एक वर्ष असं आलं, की हा मयताच्या आधीच चालू लागला. कोणाच्या तरी पोराचे केस अंगावरून आपोआप जायचे, आणि मिशी गेली की त्या दिवशी बाप जायचा. शेवटी तो बिरजूभाऊंवरच फिरला. त्यांचे वडील गेले, त्या दिवशी त्यांनी उंबऱ्यापुढच्या दगडावर आपटून खाच पाडली. मारून ठेवला होता त्याले, तुम्ही काऊन उठवला, असं म्हणून त्या रडायला लागल्या.

मी समजूत घातली. एकटी बाई, नवरा गेलेला, मनात काहीबाही येणारच.

हे लिहिताना बघतोय, डाव्या हातावर कोपरापर्यंत एक केस नाही. मी फक्त मनगटावर टेकवला होता.

२४ जुलै
दिवसाढवळ्या होतं हे. जेवून ओसरीवर बसलो होतो, जागा होतो, पावसाकडे बघत होतो. छातीला गार लागलं म्हणून सदरा उघडला. छाती लहान पोरासारखी गुळगुळीत. केस बनियनमध्ये पडलेले, ओले. तुरटीचा वास. लाल फडकं उघडून पाहिलं तर पात्याला साबणाचा फेस.

सामान भरलं आणि निघालो. रपटा दिसतच नाही. पाणी लाल, त्यात अख्खी झाडं वाहत चालली आहेत. शेजारचे पत्रूभाऊ डोंगा, म्हणजे लाकडी होडी, चालवतात, त्यांचे हातपाय धरले. ते म्हणाले, की पाणी उतरल्याबिगर डोंगा सोडणार नाई, मले बी लेकरं हायेत. मागच्या बाजूला जंगल, आणि त्याच्या पलीकडे हाच नाला वळसा घालून येतो. म्हणजे रस्ताच नाही.

२५ जुलै
वस्तरा दगडावर आपटला. त्याच दगडावर. असं पोलाद ठिसूळ असतं, टवका उडायलाच पाहिजे. दगडाचा उडाला. पुन्हा आपटला. हातोडी घातली. पात्यावर साधा चरा नाही.

सुगंधाबाईंनी खाली मान घालून सांगितलं, की बिरजूभाऊंनीही आधी लय आपटला होता. बाप गेल्यावरच खाच पडली. पोट भरल्याबिगर तो मरत नाई.

मानेवरचे केस गेले. दाढी गेली. बाईंना विचारलं, बिरजूभाऊ कोणत्या क्रमानं करायचे. हात, छाती, दाढी, डोकं. मिशी शेवटी.

२६ जुलै
टेकडीवर गेलो. भिजत दोन तास उभा होतो तेव्हा फोन लागला. बाबांनीच उचलला. आवाज ऐकला आणि मले रडू फुटलं. पुनम, माफ कर, आता शुद्ध नाही जमत.

म्हटलं बाबा, घराबाहेर पाय टाकू नका. वावरात जाऊ नका, गाडीवर बसू नका, विहिरीकडे जाऊ नका. ते हसले आधी. मग विचारलं, की निक्या, तू रडून राह्यला काऊन? कोनी डांबून ठेवलं का तुले? नाई म्हटलं, फक्त घरी राहा, माझी शपथ घ्या —

तेवढ्यात कटला. त्यांनी शपथ घेतली का नाई ते ऐकूच आलं नाही.

खाली येईपर्यंत अर्धं डोकं गेलं होतं. हातात छत्री होती माझ्या. वस्तरा घरात होता.

२७ जुलै
डोकं पुरं झालं. आरशात पाहिलं, दहाव्याला बसलेला माणूस. फक्त मिशी —

डोक्याला दुपट्टा बांधला. दोन्ही हात मिशीवर धरून बसलो. सुगंधाबाई भात भरवतात. बाबा, मी लय भ्यालो. तुम्ही घरी आहात ना? पलंगावर आहात ना? पुनम, दाराला कडी लाव.

बस दोन दिवस. पाणी उतरू दे.

२८ जुलै
पत्रूभाऊ पळत आले. म्हणाले, पल्याड एक म्हातारा उभा हाय. कोरपन्याचा. पोराले घ्यायले आलो म्हणतो.

माझ्या फोनमुळे. घरी राहा म्हटलं म्हणून —

नाल्यावर आलोय. तेच आहेत. ओरडलो, पाण्याच्या आवाजात काई ऐकू जात नाही. म्हणून मोठ्या अक्षरात लिहून वही दाखवतो.

बाबा थांबा

मागं फिरा

पाण्यात येऊ नका

डोळे बारीक करून पाहून राह्यले. चष्मा खिशात आहे. बाबा, एकदा लावा ना तो —

दुपट्टा सोडून हलवला, थांबा म्हणून. लय मोठी चूक झाली. माझं डोकं दिसलं त्यांना. एवढं दिसलं बरोबर. बाप जिवंत आणि पोरगा भादरलेला — त्यांनी काठी टाकली —

रपट्यावर उतरले. गुडघ्याएवढं. पत्रूभाऊ डोंगा सोडताहेत —

निक्या म्हणून हाक मारताहेत, तोंडावरून कळते —

कंबरेएवढं —

ओठाला गार लागून राह्यलं. वहीवर केस पडले. बाबा, तुम्ही आता कुठी —